जड उचलायचं नाही

दवाखान्यातून घरी येताना थोरलीने पोटाशी घट्ट धरलेली उशी धाकटीची होती, आणि ते धाकटीने जिन्याच्या पायथ्याशीच काढलं.

"ही माझी उशी आहे, जाऊबाई. नंतर खोळ तेवढी धुवायला टाका. घाई नाही."

"घाई नाही, तर आत्ताच कशाला तोंड उघडलंस?" थोरली म्हणाली.

एवढं बोलायलाही पोटातून जोर लागत होता. टाके ओढले गेले आणि तिचा चेहरा आक्रसला. धाकटीने ते पाहिलं. पाहून तिने नजर वळवली नाही, हेच थोरलीला जास्त लागलं. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी, असं करत ती वर चढली. मागे नवरा पिशव्या घेऊन उभा होता आणि प्रत्येक पायरीला सुस्कारा टाकत होता, जणू चढायचे कष्ट त्यालाच पडत होते.

खाली दुकान आणि वर घर, असा त्यांचा संसार होता. जुन्या खुर्च्यांना, सोफ्यांना नवं कापड चढवून द्यायचा धंदा. दोघे भाऊ सांगाडे खिळखिळे असतील तर ठोकून घ्यायचे, स्पंज कापायचे, पट्टे ताणायचे. धाकटी गिऱ्हाइकं आणि फोन सांभाळायची. कापड बेतणं आणि शिवणं मात्र थोरलीचं. सकाळी ती मोठ्या मशीनवर बसली की दुकानात तिच्या मशीनचा घरघराट आणि तिच्या तोंडाचा पट्टा, दोनच आवाज असायचे. गेली काही वर्षं तिच्या अंगावरून इतकं जायचं, की खुर्चीवर ती काळ्या रेग्झिनचा तुकडा अंथरून बसायची आणि संध्याकाळी तो स्वतःच धुऊन टाकायची. पुढे जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेली. गाठींनी पिशवी भरून गेली होती. काढावीच लागली.

तिला मूलबाळ नव्हतं. धाकटीला दोन मुली होत्या, दोघीही आता बाहेर शिकायला. दोन्ही जावांमध्ये विस्तव जात नव्हता आणि तो का जात नाही, याचा विचार करायचंही दोघींनी केव्हाच सोडून दिलं होतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. "दीड महिना जड उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, कापडाचा तागा तर नाहीच. वाकायचं नाही. खोकला-शिंक आली, हसू आलं, तर उशी पोटावर दाबून धरायची. शौचाला जोर करायचा नाही, मी औषध दिलंय. रोज थोडं थोडं चालायचं. तपकिरी डाग काही दिवस पडतील, त्याला भ्यायचं नाही. लालभडक रक्त दिसलं, तर मात्र कुणाला विचारत बसायचं नाही, सरळ इथे यायचं. थकवा येईल. मधेच रडू येईल. आणि नवरा-बायको म्हणून जवळ यायचं नाही, मी सांगेपर्यंत."

शेवटच्या वाक्याला नवरा छताच्या पंख्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मशीनवर बसली तर चालेल ना? बसूनच तर असते."

"जे जे नाही म्हटलं, त्यात मशीन आलं."

"हसू येण्याची काळजी करू नका, डॉक्टर," थोरली म्हणाली. "आमच्याकडे तसा प्रकार नाही."

वरची दर्शनी खोली आजाऱ्याची. न्हाणीघर लागून, म्हणून. तिथे थोरलीला निजवलं आणि तिचं आडवं राहण्याचं आयुष्य सुरू झालं. तिला वाटलं होतं, दुखेल ते टाक्यांपाशी. पण पहिले काही दिवस खरा छळ केला तो पोटातल्या वाऱ्याने. आतल्या आत गोळा फिरायचा, बरगडीखाली येऊन अडायचा आणि ती दातावर दात दाबून भिंतीचा आधार घेत खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायची. कमरेत वाकलेली, पाय फरफटत. पलंगावरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर रेटा देऊन धड उचलायचं. एवढं करून उभी राहिली, की आपण उठलो कशाला तेच विसरायचं. एकदा दात घासायच्या ट्यूबचं झाकण मोरीत पडलं आणि ते वाकून घेता येईना, म्हणून ती भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडली. झाकणासाठी! पोटावरच्या व्रणाच्या खालची कातडी तर तिला आपली वाटतच नव्हती. बोट लावलं तर बोटाला कळायचं, पोटाला नाही.

धाकटी वेळेवर सगळं आणून द्यायची. पातळ जेवण, गरम पाणी, गोळ्या. ताट स्टुलावर आपटायची आणि जिन्यात जाऊन, खाली गिऱ्हाईक उभं असताना, खणखणीत आवाजात विचारायची, "जाऊबाई, वारा सरला का?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ओरडायची सोय नव्हती, पोट फाटेलसं वाटायचं. ती उशी आवळून धरायची आणि मनातल्या मनात धाकटीला अशी काही सोलायची की बस्स.

त्याच दिवसांत तिला एक गोष्ट कळली. न्हाणीघराच्या भिंतीला लागून पाण्याचा नळ खाली उतरत होता आणि जमिनीत त्याच्याभोवती चांगली बोटभर फट होती. त्या फटीतून खालच्या दुकानातला शब्द न् शब्द वर यायचा. इतकी वर्षं ते तिला कळलं नव्हतं, कारण इतकी वर्षं ती खाली होती आणि तिचं मशीन चालू होतं. आता मशीन बंद होतं.

एके दुपारी स्पंजवाला आला होता. त्याने तिची चौकशी केली.

"पिशवी काढली," नवऱ्याचा आवाज आला. "नाहीतरी ती रिकामीच खोली होती. ना कधी भाडेकरू, ना कधी सामान."

स्पंजवाला कसनुसं हसला. दीर मात्र मोठ्याने हसला. थोरली श्वास रोखून धाकटीच्या हसण्याची वाट बघत राहिली. ते ऐकू आलं असतं, तर तिला बरंच वाटलं असतं. सगळे एकाच माळेचे मणी ठरले असते. पण धाकटी म्हणाली, "हळू बोला. वर सगळं ऐकू जातं."

थोरली रडली नाही. ट्यूबच्या झाकणासाठी रडलेली बाई या वाक्याला रडली नाही. छताकडे बघत पडून राहिली. लग्नानंतर इतक्या डॉक्टरांकडे ती गेली होती, नाही नाही त्या तपासण्या तिने सोसल्या होत्या आणि नवरा एकदाही तपासून घ्यायला तयार झाला नव्हता. ते ती कधी कुणाला बोलली नव्हती. त्याची अब्रू म्हणून.

संध्याकाळी धाकटी ताट घेऊन आली तेव्हा थोरलीने विचारलं, "तुला काय ठाऊक, वर ऐकू जातं म्हणून?"

धाकटीने ताट ठेवलं. या वेळी आपटलं नाही.

"मी कुठे होते दोन्ही बाळंतपणांत? ह्याच खोलीत. ह्याच पलंगावर."

"मग?"

"मग काय? तुम्ही खाली मशीनवर बसून काय काय बोलायच्या, सगळं ऐकलंय मी. 'बाळंतपण म्हणजे काय दुखणं आहे? कामाला नको म्हणून लोळतेय.' धाकट्या मुलीच्या वेळी मला ताप होता. छाती दगडासारखी झाली होती. तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकाला सांगत होतात, 'आमच्याकडे एक दुभतं जनावर बांधून ठेवलंय वर.' गिऱ्हाईकही हसलं होतं, जाऊबाई."

थोरलीला आठवेना. म्हणजे नेमका शब्द आठवेना, पण तो शब्द आपलाच, याबद्दल तिला शंका वाटली नाही. असा शब्द त्या घरात दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालाच नसता.

"मशीन चालू असताना बोलले असेन," ती म्हणाली.

"मधे मधे दोरा संपायचा तुमचा."

"मग आता काय? फेडून घेतेयस?"

"घेतेय," धाकटी म्हणाली. "सूप गार होईल." आणि ती खाली निघून गेली.

कुणाला वाटेल, इथे दोघींची मनं मोकळी झाली असतील. तसं काही झालं नाही. उलट इतके दिवस दोघींचं वैर आंधळं होतं, त्याला आता डोळे फुटले. कोण का चिडलंय, ते दोघींना नेमकं कळलं.

नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम त्याच सुमाराला आलं. थोरली धडधाकट असताना नवऱ्याने ते कबूल करून ठेवलं होतं, जाड लाल मखमल आणि प्रत्येक बैठकीला चहूबाजूंनी दोरी घातलेला गोट. अर्ध्या बैठका थोरलीने ऑपरेशनच्या आधी शिवून ठेवल्या होत्या. उरलेल्या शिवायला धाकटीला बसवलं. ती घरचे पडदे शिवणारी, जाड कापडाचं मशीन तिच्या हातात राहीना. फटीतून थोरलीला ते ऐकू यायचं. मशीन धावायचं, अडखळायचं, सुई कडकन मोडायची, नवरा खेकसायचा.

मग एका सकाळी जिन्यात धडपड सुरू झाली. "धर, धर! तिकडून उचल!" दार उघडलं आणि दोघे भाऊ घामाघूम होऊन मोठं मशीन टेबलासकट खोलीत घेऊन आले. पलंगाशेजारी, खिडकीजवळ ठेवलं. नवऱ्याने हात झटकले.

"बघ, तुला जिना उतरायला नको. जड काही उचलायला नको. कापड हातात आणून देऊ. बसल्या बसल्या जमेल तेवढं कर."

"डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलं नव्हतंत?"

"अगं, डॉक्टरांचं ऐकायचं म्हटलं तर माणसाने श्वास पण घेऊ नये."

"वहिनी, तुम्हीच तर म्हणायच्या, बसलं की आजार जास्त धरतो," दीर म्हणाला. म्हणायची ती. तेही खरंच होतं.

"न्या हे खाली," थोरली म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्यांनी नेलं नाही.

दोन दिवस मशीन तसंच राहिलं. थोरलीने त्याच्यावर औषधांच्या बाटल्या मांडल्या आणि न्हाणीघरातून आल्यावर ओला टॉवेल वाळत घातला. तिला त्यात एक सूड घेतल्याचं समाधान मिळत होतं. जन्मात कधी विश्रांती घेतली नव्हती. आता डॉक्टरीणबाईंचा एकेक शब्द ती वैऱ्यावर धोंडे फेकावेत तसा फेकत होती. पाण्याचा तांब्या? जड आहे, उचलायचा नाही. खिडकी? ताण पडतो, तूच लाव. गोड लागत होतं सगळं.

पण तिसऱ्या दिवशी धाकटी एक शिवलेली बैठक घेऊन वर आली आणि तिने ती थोरलीच्या मांडीवर टाकली.

"एवढंच विचारायचंय. असं चालेल का?"

गोट नागमोडी गेला होता. कोपऱ्यात मखमल गोळा झाली होती आणि टाके उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते. ही बैठक थोरलीच्या बैठकांच्या शेजारी लागणार होती. लोक बघणार होते आणि एकाच दुकानाचं म्हणणार होते.

"हे काय केलंयस? हात आहेत की फावडी?"

"मग करा तुम्ही," धाकटी म्हणाली. नीट विचार करून आलेली असावी, इतकं ते शांतपणे आलं. "मला कुठे मशीनवर बसायचंय? कामाला नको म्हणून लोळणारी ना मी?"

थोरलीने टॉवेल काढून फेकला आणि मशीनवर बसली. तिला कुणी ढकललं नव्हतं. आपण का बसतोय, तेही तिला स्वच्छ कळत होतं. आपलं बघून धाकटीचं तोंड खाली गेलेलं तिला बघायचं होतं. पहिली बैठक सरळ आली, दुसरी त्याहून सरळ. जाड मखमल ओढताना दंडातली ताकद थेट पोटात उतरायची आणि तिथे काहीतरी ताणलं जायचं, पण एवढं चालायचंच म्हणून ती ओढत राहिली. धाकटी दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने ती खाली गेली. दुपार कलेपर्यंत शिवलेल्या बैठकांचा ढीग लागला.

मग मांड्यांना ओलं, गरम लागलं. थोरलीला आधी वाटलं, नेहमीचं. इतक्या वर्षांची सवय. मग एकदम ध्यानात आलं, की नेहमीचं आता असूच शकत नाही. ती उठली तेव्हा खुर्ची लाल होती, मखमलीसारखी.

दोघे भाऊ खुर्च्या लावायला नाट्यगृहावर गेले होते. तिने हाक मारली, ती अर्धवट निघाली. पण नळाजवळच्या फटीतून गेली असावी, कारण धाकटी जिना धावत चढून आली.

"पडा. उभ्या राहू नका! पडा म्हणते ना!"

"मखमलीला लागेल. ती आधी बाजूला घे."

"चुलीत गेली मखमल. पाय वर घ्या." धाकटीने तिच्या पायांखाली मखमलीच्याच शिवलेल्या बैठका सरकवल्या, टॅक्सीला फोन केला, दवाखान्याला फोन केला. एकीकडे तोंड चालूच होतं. "अक्कल कुठे गहाण टाकली होती? कुणी म्हटलं की बसायचं? एवढा ताठा?"

"तूच आणून टाकलंस माझ्या मांडीवर."

"मी म्हटलं म्हणून विहिरीत उडी माराल?"

टॅक्सीत सगळा रस्ताभर दोघी भांडत होत्या. टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं, पण मधे पडायची त्याची छाती झाली नाही. थोरलीचा आवाज बारीक व्हायला लागला तसा धाकटीचा चढला. "बोला! गप्प बसू नका. शिव्या द्या मला, द्या!"

आतला टाका उसवला होता. डॉक्टरीणबाईंनी तो पुन्हा घातला. वेळेवर आलात म्हणून निभावलं, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मशीनवर कुणी बसवलं?"

"मी बसले," थोरली म्हणाली.

"मशीन ह्यांच्या नवऱ्याने वर आणलं," धाकटी कोपऱ्यातून म्हणाली. "कापड मी दिलं."

तेवढ्यात नवरा आला. दाराशी घुटमळला, बायकोकडे पाहिलं, सलाइनकडे पाहिलं आणि धाकटीला हळू आवाजात विचारलं, "मखमलीला डाग कितपत लागलेत?"

त्याला वाटलं असेल, ऐकू जाणार नाही.

"अहो," थोरलीने हाक मारली. तो पुढे आला. "ती रिकामी खोली होती ना? ना भाडेकरू, ना सामान? तिला आता कुलूप लागलंय. डॉक्टरांनी लावलंय. आणि तपासायला सांगितलं होतं ते आपणा दोघांना. मी एकटीच जात राहिले. ते आज डॉक्टरांसमोर सांगून टाकते, मला यापुढे ते ओझं उचलायचं नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने धाकटीकडे पाहिलं, ती खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरीणबाई कागद चाळत म्हणाल्या, "पेशंटला आराम करू द्या. बाहेर थांबा."

नाट्यगृहाचं उरलेलं काम दुसऱ्या दुकानाने केलं. थोरली पुन्हा त्याच खोलीत परतली. मशीन खाली गेलं होतं. नवऱ्याचं अंथरूणही खाली गेलं, स्पंजच्या गठ्ठ्यांवर. नेण्याचं तिने सांगितलं नाही आणि परत आणायचंही सांगितलं नाही. धाकटी पूर्वीसारखीच ताट आपटायची. फक्त वाऱ्याची चौकशी आता खोलीत येऊन करायची, दार लावून, आणि तेवढ्याच रागाने.

हळूहळू कंबर सरळ झाली. डाग थांबले. दुपारी झापड यायची ती जाता जात नव्हती आणि व्रणाखालची कातडी परकीच राहिली. "ती राहील तशी बरेच महिने," डॉक्टरीणबाई शेवटच्या तपासणीत म्हणाल्या. "बाकी सगळं भरून आलंय. आता कामाला लागा, नवऱ्याजवळ जायलाही हरकत नाही."

"तुमची हरकत नाही, एवढं कळलं," थोरली म्हणाली.

तिथून ती घरी न जाता सरळ त्या दुसऱ्या दुकानात गेली. मालक एक जाडजूड, तिरसट म्हातारा होता. नाट्यगृहाच्या अर्ध्या बैठका कुणी शिवल्या होत्या, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. "आणि ती नागमोडी एक?" "ती जावेची." म्हातारा गुरगुरला आणि कधीपासून येतेस म्हणाला. उंच पाठीची खुर्ची असेल तर उद्यापासून, ती म्हणाली, आणि तागे मी उचलणार नाही.

घरी एकच गदारोळ झाला. नवऱ्याने आवाज चढवला. दुकानाचं नाक कापलंस, लोक काय म्हणतील, राहायचं आमच्या घरात आणि राबायचं वैऱ्याकडे! दिराने समजुतीचा सूर लावला. थोरली जेवत राहिली.

"जाऊ द्या त्यांना," धाकटी म्हणाली. "घरात तेवढीच शांतता."

तेव्हापासून रोज सकाळी थोरली जिना उतरते आणि आपल्याच दुकानातून चालत वैऱ्याकडे कामाला जाते. दुसरी वाट नाही. नवरा तिला पाठमोरा बसतो. मोठ्या मशीनवर आता धाकटी असते. तिचा हात बराच सुधारलाय, पण ते थोरली बोललेली नाही.

परवा ती दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून मशीन थांबलं.

"कोपरा अजून गोळा होतो," धाकटी म्हणाली. कुणाकडे न बघता, कापडाला म्हणावं तसं.

थोरलीने चप्पल घातली. पट्टा नीट बसवला.

"वळवायच्या आधी गोटाला कात्रीने काप द्यायचा. टाक्यापर्यंत, टाक्यात नाही."

"माहीत होतं मला."

"मग विचारलंस कशाला?" थोरली म्हणाली, आणि रस्त्याला लागली. मागे बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. मग कात्री चालल्याचा आला.